तार कुठे तुटली?

शाळकरी मुलांच्या हातात हल्ली युकुलेले दिसतं. घरात वाद्य असावं की नसावं, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावं. पण आणलंच असेल, तर तार तुटली म्हणून मुलावर ओरडण्याआधी ती कुठे तुटली ते पाहा. एकाच जागी दोनदा तुटली, तर कसूर बहुधा मुलाचा नाही आणि तारेचाही नाही.

खुंटीपाशी तुटत असेल, तर खुंटीच्या छिद्राची कड धारदार असते. मानेच्या टोकाच्या पट्टीवर तुटत असेल, तर तिथली खाच बोचते. बारीक पॉलिशपेपर दुमडून दोन-तीनदा हलकेच फिरवा. खाच खोल मात्र होऊ देऊ नका.

'ए'ची तार सुरात लावतानाच तुटते? मोबाइलचा ट्यूनर नुसतं अक्षर दाखवतो. ४४० हर्ट्झला 'ए', ८८०लाही 'ए'! पहिला हुकला की मूल पिळतच राहतं, आणि दुसरा येण्याआधीच तार जाते. नवी नायलॉनची तार काही दिवस सैल पडते, ती रोज थोडी चढवावी.

दुकानदाराने गिटारची पोलादी तार दिली, तर परत करा. तिच्या ताणाने घोडीच उखडू शकते.