बाजार बायकांचा, हिशोब कुणाचा?

२०२५ च्या ऑक्टोबरात असंघटित क्षेत्रातल्या कष्टकरी स्त्रियांविषयीच्या एका कार्यशाळेसाठी व्हिएतनाममधल्या दा नांग या शहरात जाण्याची संधी मला मिळाली. कार्यशाळेचा अहवाल मी वेगळा लिहीनच. पण चार दिवसांच्या भाषणांतून आणि तक्त्यांतून जे उमगलं नाही, ते एका सकाळी तिथल्या बाजारात उमगलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून या अंकाचं संपादकीय त्या बाजाराविषयी.

दा नांग हे मध्य व्हिएतनामचं बंदर. शहरातून हान नदी वाहते आणि समुद्राला मिळते. फ्रेंच अमदानीत या गावाचं नाव होतं तुरान. आपल्या पिढीला व्हिएतनाम आठवतो तो आधीच्या पिढीने ऐकवलेल्या युद्धविरोधी घोषणांमुळे. त्या युद्धातलं एक पान याच शहराचं आहे. १९६५ साली अमेरिकेच्या नौसैनिकांची पहिली मोठी तुकडी इथल्याच किनाऱ्यावर उतरली, तेव्हा त्यांच्या गळ्यात हार घालायला तरुण मुली उभ्या केलेल्या होत्या. तारीख होती ८ मार्च. जगभरच्या स्त्रिया जो दिवस आपला म्हणतात त्या दिवशी सैन्याच्या स्वागतासाठी मुलींना उभं करावं, याहून बोलकं चित्र कुठलं असेल?

मी बाजारात गेले तो दिवसही असाच एक स्त्रियांचा दिवस होता. २० ऑक्टोबर. १९३० साली याच तारखेला व्हिएतनामच्या महिला संघाची स्थापना झाली. म्हणून तिथे हा दिवस स्त्रियांचा दिवस म्हणून साजरा होतो. रस्त्यारस्त्यावर गुलाबांच्या जुड्या विकायला होत्या आणि त्या विकत होत्या बायकाच. पाऊस चालू होता. आमची दुभाषी मैत्रीण म्हणाली, ‘नदीकाठचा हान बाजार आता पर्यटकांचा झालाय. घरचं सामान घ्यायला माझी आई जाते तिथे चल.’ तिने मला चो कोन इथे नेलं. ‘चो’ म्हणजे बाजार आणि ‘कोन’ म्हणजे उंचवटा. कधीकाळी उंचवट्यावर भरणारा हा बाजार आता भर चौकात, मोठ्या इमारतीत आणि तिच्या भोवतीच्या गल्ल्यांत पसरलेला आहे.

आत शिरताच पहिला आला तो वास. सुकी कोळंबी, सुके माकूळ, खारवलेली मासळी. डोळे मिटले असते तर मी मालवणच्या बाजारात आहे असंच वाटलं असतं. मोठ्या बरण्यांत ‘मम नेम’ नावाची आंबवलेल्या मासळीची दाट चटणी होती आणि बाटल्यांत ‘नुओक मम’ हे मासळी मिठात मुरवून गाळलेलं पाणी. शहराच्या उत्तरेला नाम ओ नावाचं गाव आहे. तिथली ही मासळी मुरवण्याची कला २०१९ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर झाली. पुढे खाण्याच्या गाळ्यांची रांग. ‘मी क्वांग’ म्हणजे तांदळाच्या रुंद शेवया, वर बेताचाच रस्सा, शेंगदाणे आणि चुरलेला तांदळाचा पापड. ‘बान सेओ’ म्हणजे तर हळद घातलेलं आपलं घावनच, आत कोळंबी आणि मोड आलेले मूग घालून दुमडलेलं. कोवळ्या फणसाची उकडून कालवलेली कोशिंबीरही होती. कोकणात आम्ही कुयरीची भाजी करतो, ती आठवली. बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक भराभर खात होते.

आणि विकणाऱ्या? जिकडे पाहावं तिकडे बायका. फुलाफुलांच्या कापडाचा सदरा आणि त्याच कापडाची विजार, हा त्यांचा कामाचा वेश. आपल्याकडच्या गाऊनसारखा, घरातही तोच आणि दारातही तोच. पुरुष दिसले ते मुख्यतः गोण्या उचलणारे किंवा बायकोला दुचाकीवरून आणून सोडणारे. मासळीच्या बाजूला कळलं की तिचा दिवस मध्यरात्रीच सुरू होतो. थो क्वांग बंदरावर होड्या लागतात, समुद्रावर गेलेले पुरुष माल उतरवतात, आणि निवडणं, टोपल्या ओढणं, भाव ठरवणं आणि वाहून नेणं हे बायका पहाटेपर्यंत करतात. ससून डॉकवर पहाटे गेलेल्या मैत्रिणींना हे चित्र वेगळं सांगायला नको.

एका गाळ्यावर मी सुके माकूळ घ्यायला थांबले. सवयीप्रमाणे घासाघीस केली. वीस हजार डोंग कमी करून घेतले आणि मनातून खूश झाले. वीस हजार म्हणजे आपले सत्तर रुपयेही नव्हेत. पैसे हातात घेऊन त्या बाईंनी ते मालावरून हलकेच फिरवले. मैत्रीण म्हणाली, ‘तू तिची पहिली गिऱ्हाईक आहेस.’ म्हणजे मी भवानी केली होती! भवानीच्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, नाहीतर दिवस वाईट जातो, ही समजूत तिथेही आहे. म्हणजे तिने भाव कमी केला तो माझ्या हुशारीमुळे नव्हे. नको म्हणणं तिला परवडणारं नव्हतं. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण आणि दहा वर्षांचं संघटनेचं काम गाठीशी असूनही, बाजारात उभी राहिले की मी फक्त गिऱ्हाईक होते, हे मला तिथे टोचलं.

मग तिने मला स्टूल दिलं आणि माझं वय विचारलं. हा तिथे आगाऊपणा नाही. व्हिएतनामी भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ असे सरळ शब्द बोलण्यात फारसे येतच नाहीत. समोरची व्यक्ती थोरली बहीण, धाकटी बहीण, आत्या की आजी, हे ठरल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. मी धाकटी बहीण ठरले. पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. ‘लग्न झालं का?’ मी ‘नाही’ म्हटलं. मैत्रिणीने भाषांतर करताना मला थांबवलं. म्हणाली, ‘इथे “नाही” म्हणत नाहीत. “चुआ” म्हणतात. म्हणजे अजून नाही.’ गंमत वाटली आणि नाही पण वाटली. बाईच्या तोंडी लग्नाला नकार येऊच नये, फक्त उशीर यावा, अशी सोय व्याकरणानेच करून ठेवलेली!

त्याहून मोठा धक्का पुढे होता. त्या बाईंची मुलगी एकतीस वर्षांची, नोकरी करणारी, अविवाहित. शेजारच्या गाळ्यावरची बाई हसत काहीतरी म्हणाली आणि त्यात ‘ए’ असा चढ्या सुरातला एकाक्षरी शब्द आला. अर्थ विचारला. बाजार उठायची वेळ झाली तरी न खपलेला, पडून राहिलेला माल, तो ‘ए’. आणि वय उलटूनही लग्न न झालेली बाई, तीही ‘ए’. एकच शब्द, मासळीला आणि मुलीला. मी हसू शकले नाही. ‘पोरगी एकदाची खपवली’ असं आपल्याकडे बोलताना मी लहानपणापासून ऐकत आले आहे. घोडनवरी हा शब्द तर माझ्याच वाट्याला आलेला आहे. दोन भाषांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, पण बाईला तागडीत बसवायचं हे मात्र दोघींना नेमकं सुचलं.

त्या माकूळवाल्या बाई मात्र चिडल्या. म्हणाल्या, ‘संध्याकाळी उरते ती मासळी. माणूस कसा उरेल? माझी पोर स्वतःचं कमावते.’ मला उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण पुढच्याच मिनिटाला त्यांनी हळूच विचारलं, तुमच्या संस्थेत कोणी चांगला मुलगा आहे का? म्हातारपणी तिला कोण बघणार, ही काळजी त्यांच्या डोळ्यांत होती. मैत्रिणींनो, मला त्यांचं पहिलं वाक्य जितकं खरं वाटलं तितकंच दुसरंही. विचार बदलतो आणि धास्ती उरते, हे आपण आपल्या आयांमध्ये, आणि खरं बोलायचं तर स्वतःमध्येही, पाहिलेलं आहे.

व्हिएतनामी बाईच्या हाती पैसा असतो, घरची पेटी आणि किल्ली तिच्याकडे असते, असं तिथे अभिमानाने सांगतात. ते खोटं नाही. १९७५ नंतर देश एक झाला, १९७८ मध्ये दक्षिणेत खासगी व्यापारावर टाच आली, तेव्हाही टोपल्यांमधून चालणारा किरकोळ व्यापार बायकांनी जिवंत ठेवला. १९८६ मध्ये आर्थिक धोरण बदललं आणि हे बाजार पुन्हा उघडपणे फुलले. पण किल्ली हाती असणं म्हणजे सत्ता हाती असणं नव्हे. बाईने आधी बापाचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं ऐकावं, ही कन्फ्यूशियसच्या परंपरेतली तीन आज्ञापालनं तिथे शतकानुशतकं शिकवली गेली. आपल्याला ती मनूमुळे तोंडपाठ आहेत. त्रान ते सुओंग (१८७०–१९०७) या कवीने नदीकाठी व्यापार करून संसार ओढणाऱ्या आपल्या बायकोवर एक प्रसिद्ध कविता लिहिली आहे. कवी स्वतः परीक्षांना बसत होता आणि नापास होत होता. बायकोचं कौतुक कवितेत झालं, पण टोपली तिच्याच खांद्यावर राहिली.

आजचे आकडेही हेच सांगतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार व्हिएतनाममधल्या सत्तर टक्क्यांहून अधिक प्रौढ स्त्रिया श्रमबाजारात आहेत, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. पण घरकामावर त्या पुरुषांच्या जवळपास दुप्पट वेळ घालवतात. आणि २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत लग्न झालेल्या दर तीन स्त्रियांपैकी जवळपास दोघींनी आयुष्यात कधी ना कधी नवऱ्याकडून शारीरिक, लैंगिक, मानसिक वा आर्थिक हिंसा किंवा जाचक बंधनं सोसल्याचं सांगितलं. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांनी कुठेच दाद मागितली नव्हती. कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा २००७ मध्ये आला, तो २०२२ मध्ये नव्याने केला गेला. कमावती बाई मार खात नाही, हा आपला लाडका समज किती भाबडा आहे, हे यातून पुन्हा कळतं.

मग या बायका अडीनडीला कोणाकडे जातात? एकमेकींकडे. बाजारात ‘हुई’ चालते. हुई म्हणजे हुबेहूब आपली भिशी. दर महिन्याला सगळ्यांनी रक्कम घालायची आणि एकीने उचलायची. मुलांची फी, आजारपण, गाळ्याचं भांडवल, सगळं त्यातून निघतं. आणि आपल्यासारखीच तीही बुडते. चालवणारी पैसे घेऊन नाहीशी झाली की आख्ख्या रांगेचा संसार हलतो. २०१९ मध्ये सरकारने हुईसाठी नियम केले, व्याजाला वर्षाला वीस टक्क्यांची मर्यादा घातली. महिला संघाच्या गटांमधून सामाजिक धोरण बँकेचं कर्जही मिळतं. पण रात्री दोन वाजता पैसे लागले तर बँक उघडी नसते, शेजारच्या गाळ्यावरची बाई असते.

आता नवं वळण आलं आहे. १ जुलै २०२५ पासून तिथे नवा सामाजिक विमा कायदा लागू झाला. नोंदणी असलेल्या घरगुती व्यवसायांच्या मालकांना टप्प्याटप्प्याने सक्तीच्या विम्यात आणलं जात आहे. निवृत्तिवेतनासाठी भरणा करण्याची किमान मुदत वीस वर्षांवरून पंधरावर आली. ऐच्छिक विमा घेणाऱ्या स्त्रीला बाळंतपणासाठी वीस लाख डोंग, म्हणजे सुमारे साडेसहा हजार रुपये मिळतात. पंच्याहत्तरीनंतर निवृत्तिवेतन नसलेल्यांना महिना पाच लाख डोंग मिळतात. हे पाऊल मोठं आहे. असंघटित स्त्रीला राज्याने कामगार म्हणून ओळखावं, यासाठीच आपण भांडत आलो.

पण बाजारातून बाहेर पडताना पायरीशी एक आजीबाई बसल्या होत्या. खांद्याची बांबूची कावड बाजूला ठेवलेली, एका टोपलीत केळी आणि दुसरीत पालेभाजी. टोपल्यांत आणि सुपांत माल घेऊन विकणाऱ्यांसाठी तिथे खास शब्दप्रयोगच आहे. या फिरत्या विक्रेत्यांना व्यवसाय नोंदवण्याची सक्ती नाही. ऐकायला ही सवलत वाटते. पण नोंद नाही म्हणून सक्तीचा विमाही नाही. उरला ऐच्छिक. रोजची कमाई रोज खाणाऱ्या बाईची इच्छा कोणत्या महिन्यात शिल्लक राहणार? गाळा असलेल्या बाईचा हिशोब आता कुठे सुरू होतो आहे. पायरीवरची बाई अजून हिशोबाबाहेरच आहे.

हे लिहिताना मी आपल्या गावच्या आठवडी बाजाराचा विचार करते आहे. आपल्याकडे पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे किमान चाळीस टक्के प्रतिनिधी असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्यात, असं तो सांगतो. तुमच्या गावी ही समिती आहे का? तिच्यावर कोण बाई आहे? ती बैठकीला जाते की तिचा नवरा सही करून येतो? सर्वेक्षणात भाजीवाली, सुकटवाली, पायरीवर बसणारी आजी, यांची नावं आली का? पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने एक बाजार निवडून एवढं पाहून यावं आणि आम्हाला लिहून पाठवावं. तक्ता नसला तरी चालेल.

आणि जाताना एक करा. भवानीच्या वेळी घासाघीस करू नका. मी आणलेले माकूळ घरी सगळ्यांनी आवडीने खाल्ले. ते वीस हजार डोंग मात्र अजून माझ्या नावावर देणे आहेत.