टिंब कोणाच्या लेखणीतून सुटले?

‘डॉट द आय्ज अँड क्रॉस द टीज’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपल्यापैकी अनेकांनी नोकरीच्या मुलाखतीत किंवा ऑफिसच्या मेलमध्ये ऐकला-वाचला असेल. ‘आय’वर टिंब द्या, ‘टी’ला आडवी दांडी मारा, हा त्याचा शब्दशः अर्थ. इंग्रजीत जोडून लिहिताना शब्द संपेपर्यंत हात उचलत नाहीत. शब्द पूर्ण झाला की लेखणी मागे येते आणि राहिलेली टिंबे आणि दांड्या भरते. म्हणून काम मुळात झालेले आहे, आता बारीकसारीक तेवढे चोख करा, असे सांगायचे असेल तेव्हा हा वाक्प्रचार वापरतात. हरवलेली वस्तू शोधण्यासाठी सगळीकडे पालथे घालणे वेगळे. त्यासाठी इंग्रजीत दुसरा वाक्प्रचार आहे. हा वाक्प्रचार शेवटचा हात फिरवण्याचा आहे. कधी तो कौतुकाने वापरतात, तर कधी नको तितक्या काटेकोर माणसाला चिडवण्यासाठी.

आपल्या दोन्ही भाषांना ही गोष्ट नवीन नाही. मराठीत आपण ‘काना-मात्रेचाही फरक नको’ असे म्हणतो. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तर शनिवारवाड्यातून आला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीतले ‘धरावे’ मधल्या मध्ये ‘मारावे’ झाले, अशी आख्यायिका आहे. उर्दू शिकलेल्यांना हे आणखी लवकर कळते. बे, ते, से यांचे अंग एकच. खाली एक नुक्ता की वर दोन की वर तीन, यावरच अक्षर ठरते. ‘खुदा’चा वरचा नुक्ता खाली आला की ‘जुदा’ होतो.

म्हणजे टिंबाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. प्रश्न पुढचा आहे. या वाक्प्रचारात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: लिहिणारा आणि टिंब देणारा हात एकच असतो. आपल्या कागदपत्रांत तसे नसते. नाव आपले असते आणि लेखणी दुसऱ्याची. टिंब दुसऱ्याच्या हातून सुटते आणि खुलासा मात्र आपल्याला द्यावा लागतो.

आपल्या जिल्ह्याचेच नाव घ्या. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर रोमन लिपीतल्या ‘गोंदिया’च्या शेवटी ‘आय-ए’ आहे. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत तेच नाव ‘आय-वाय-ए’ने संपते. त्यामुळे गोंदिया जिल्हा खोटा आहे, असे कोणी म्हटले नाही. त्याला नोटीस गेली नाही आणि त्याच्याकडे वडिलांचा दाखलाही मागितला नाही. तोच एक ‘वाय’ एखाद्या मजुराच्या नावात कमी-जास्त झाला, तर मात्र फाइल अडते.

आपल्या नावांत असे फरक जास्त का पडतात, याची कारणे साधी आहेत. ‘मोहम्मद’ हे नाव मूळ लिपीत मीम, हे, मीम, दाल अशा चार अक्षरांत लिहितात; ऱ्हस्व स्वर वाचणाऱ्याने भरायचे असतात. तिथून देवनागरीत येताना मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मो. अशी रूपे होतात. रोमनमध्ये गेल्यावर त्यांची संख्या आणखी वाढते. ‘शेख’ आणि ‘सय्यद’ यांचेही तेच. त्यात आपला भाग १९५६ पर्यंत आधी मध्यप्रांतात आणि मग मध्यप्रदेशात होता. आजोबांचा एखादा कागद हिंदीत, निकाहनामा उर्दूत, शाळेचा दाखला मराठीत आणि आधार-पॅन इंग्रजीत, अशी एकाच घरात चार भाषांची फाइल असते.

दुसरे कारण फॉर्मच्या रचनेत आहे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन चौकोन ठरलेले. विदर्भात मात्र ‘शेख रशीद शेख करीम’ किंवा ‘अब्दुल रहीम अब्दुल सत्तार’ अशी नावे सर्रास असतात. ती तीन चौकोनांत कशी बसवायची, हे त्या दिवशी समोर बसलेला ऑपरेटर ठरवतो. एका कागदावर ‘शेख’ आडनाव होते, दुसऱ्यावर पहिले नाव. ‘अब्दुल रहीम’ हे एकच नाव असूनही ‘अब्दुल’ एकीकडे आणि ‘रहीम’ दुसरीकडे जाते. लग्नानंतर स्त्रियांच्या नावात नवऱ्याचे नाव येते, कुठे ‘बी’ लागते, कुठे ‘बेगम’. त्यामुळे सर्वांत जास्त फटका त्यांना बसतो.

तिसरे कारण माझ्या व्यवसायातले आहे. संगणक दोन नावे वाचत नाही, तो त्यांचे सांकेतिक आकडे ताडून पाहतो. नुक्त्याचा ‘ज़’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘ज’ आणि नुक्ता असे दोन भाग करून. म्हणजे पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे ‘अज़ीज़’ संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावे ठरू शकतात. यावर उपाय नाहीत असे नाही. असे पर्याय एकसारखे करून घेण्याची पद्धत युनिकोडमध्येच दिलेली आहे. उच्चारावरून मिळतीजुळती नावे ओळखण्याच्या ‘साउंडेक्स’ पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९१८ सालीच निघाले. शंभर वर्षांहून जुने हे ज्ञान हाताशी असताना केवळ स्पेलिंग जुळले नाही म्हणून माणूस संशयित ठरत असेल, तर त्याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही. ती व्यवस्था तशी उभारण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो.

या निर्णयाची किंमत किती असू शकते, हे आसामने पाहिले. नलबारी जिल्ह्यातल्या एका माणसाला परदेशी नागरिक न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये एकतर्फी आदेशाने परदेशी ठरवले. त्याच्या कागदांतल्या नावांच्या स्पेलिंगमध्ये आणि तारखांमध्ये किरकोळ तफावत होती. ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अशा किरकोळ फरकावरून कोणाचे नागरिकत्व नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. निकाल यायला १२ वर्षे लागली. तो यायच्या आधीच त्या माणसाचा मृत्यू झाला होता.

हे आपल्यापासून फार दूर आहे, असेही समजू नका. मतदारयाद्यांची विशेष सखोल पुनरीक्षण मोहीम बिहारनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्या राज्यांत जाहीर झाली, त्यांत मध्यप्रदेश आणि छत्तीसगड आहेत. गोंदियाच्या सीमेला लागून हीच दोन राज्ये आहेत. बालाघाट आणि राजनांदगावशी सोयरीक नसलेली घरे आपल्याकडे कमीच. या मोहिमेत मतदाराचे किंवा त्याच्या आईवडिलांचे नाव वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीशी जोडून पाहिले जाते. पश्चिम बंगालमध्ये ‘तार्किक विसंगती’ या शेऱ्याखाली ज्या नोटिसा गेल्या, त्यांच्या कारणांत वडिलांचे नाव न जुळणे हेही होते.

म्हणून आपल्याला दोन आघाड्यांवर काम करायचे आहे. पहिली घरातली. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये घरातल्या प्रत्येकाचे नाव आणि त्यापुढे प्रत्येक कागदावरचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, जन्मतारीख जशीच्या तशी लिहा. मग एक कागद पाया म्हणून धरा. शक्यतो जन्माची नोंद. ती नसेल तर शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. दुरुस्ती तिथून सुरू करा. घाईने आधी आधार बदलून टाकू नका, कारण आधारमधले नाव बदलण्याच्या संधी मोजक्या असतात. मतदारयादीतल्या दुरुस्तीसाठी फॉर्म ८ असतो, नाव नव्याने घालण्यासाठी फॉर्म ६. दहावीची प्री-लिस्ट शाळेत येते तेव्हा ती स्वतः वाचा. शाळेत असताना होणारी दुरुस्ती नंतर फार महाग पडते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, मतदारयादी, पासपोर्ट अशा अनेक कामांसाठी जन्म दाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. दवाखान्यात तो फॉर्म भरताना घरातला एक शिकलेला माणूस तिथे हजर हवा. बहिणींच्या लग्नाची नोंदणी करून घ्या, म्हणजे माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांना जोडणारा सरकारी कागद हाती राहील. आणि कोणत्याही केंद्रावर ‘सबमिट’ होण्याआधी पडदा आपल्याकडे वळवून मागा. तो आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

पण सगळे ओझे घरावर टाकून थांबलो, तर आपण अर्धेच बोललो असे होईल. तिरोड्याच्या किंवा देवरीच्या एखाद्या विडी कामगार बाईने एका मात्रेसाठी मजुरी बुडवून चार चकरा का मारायच्या? ती चूक तिने केलेली नाही. दुसरी आघाडी इथे आहे. नोंद सरकारी कर्मचाऱ्याने किंवा केंद्राच्या ऑपरेटरने घेतली असेल, तर तिची दुरुस्ती मोफत आणि ठरलेल्या मुदतीत व्हावी. संगणकाने फरक दाखवावा, पण निर्णय माणसाने घ्यावा आणि तोही समोरच्याचे ऐकून. नोटीस वाचता येईल अशा भाषेत असावी. या मागण्या एकट्या मुसलमानांच्या नाहीत. नवेगाव-सालेकसाच्या जंगलपट्टीतल्या गोंड कुटुंबाची, स्थलांतरित मजुराची, दोनदा आडनाव बदललेल्या कोणत्याही स्त्रीची मागणी हीच आहे. त्यांना सोबत घेऊनच ती तहसील कार्यालयात न्यायची आहे.

ज्यांना फॉर्म वाचता येतो, टाइप करता येते, संकेतस्थळ उघडता येते, त्या आपल्यासारख्यांनी येत्या रविवारी निदान दोन घरांत बसावे. एक स्वतःचे आणि एक शेजारचे. राहिलेली टिंबे आपण देऊ. आणि ज्यांच्या लेखणीतून ती सुटली, त्यांना त्याचा जाबही विचारू.