एका कागदाला नकार, दहा कागदांना शरण

‘लग्न म्हणजे शेवटी एक कागदच ना? मने जुळली की कागद हवा कशाला?’ हा युक्तिवाद आता सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. मुक्त सहजीवनाचे गोडवे गाणारे तथाकथित पुरोगामी विचारवंत मात्र तरुणांना एक गोष्ट सांगत नाहीत. विवाहाचा कागद नाकारणारे हेच जोडपे सदनिकेच्या खरेदीखतावर आणि बँकेच्या कर्जाच्या कागदांवर निमूटपणे सह्या करते. नाते तुटले की मग ते कागद बोलू लागतात.

समजा, पुण्यात दोघांच्या समाईक नावावर एक सदनिका आहे. शासकीय मूल्यांकन एक कोटी रुपये. वेगळे होताना तिने आपला निम्मा हिस्सा मोबदला न घेता त्याच्या नावे सोडला. दोघांना वाटते, व्यवहार मिटला. आयकर कायद्याला तसे वाटत नाही. ५० हजारांहून अधिक मूल्याची स्थावर मालमत्ता मोबदल्याविना मिळाली, तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न ठरते. सूट आहे ती नातेवाइकांकडून मिळालेल्या मालमत्तेला. त्या व्याख्येत पती-पत्नी आहेत, भावंडे आहेत, आई-वडील आहेत, सोबती नाही. १९६१ च्या कायद्यात तो नव्हता आणि १ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या नव्या कायद्यातही नाही. म्हणजे ५० लाखांचे उत्पन्न! तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर १५ लाखांचा कर. अधिभार, उपकर निराळे. शिवाय हक्कसोडपत्रावर खरेदीखताच्या दराने, सुमारे साडेतीन लाखांचे मुद्रांक शुल्क. तिने रास्त मोबदला घेतला, तर भांडवली नफ्यावरील कर तिच्या माथी. आणि बँकेने तिला मुक्त करेपर्यंत कर्जाची जबाबदारी दोघांचीही राहतेच.

हाच हिस्सा पत्नीने पतीला बक्षीसपत्राने दिला असता, तर घेणाऱ्याला आयकर नाही आणि महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये. एकत्र हिंदू कुटुंबाच्या संपूर्ण वाटणीतही भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ज्या कुटुंबसंस्थेला बेडी म्हणून हिणवले जाते, तीच संकटकाळी कवच ठरते, ती अशी.

‘मग कायदाच बदला’, असा गलका होईल. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीला संरक्षण दिले. ते योग्यच झाले. उत्तराखंडाच्या समान नागरी संहितेने जानेवारी २०२५ पासून अशा संबंधांची नोंदणीही बंधनकारक केली. परंतु पीडितेचे रक्षण करणे वेगळे आणि करसवलत देणे वेगळे. सवलत मागणाऱ्याला विचारावेच लागेल : सोबती कोण, केव्हापासून, केव्हापर्यंत? या प्रश्नांचे निर्विवाद उत्तर देणारा दस्तऐवज समाजाने फार पूर्वीच सिद्ध केला आहे. त्याचे नाव विवाह. अधिकार हवेत, पण बंधन नको, हा हट्ट कोणती व्यवस्था पुरवील?

या हट्टाची सर्वाधिक किंमत मोजते ती वर्षानुवर्षे हप्ते भरून शेवटी रिकाम्या हाताने बाहेर पडणारी मुलगी. ती आपल्यापैकीच कुणाच्या तरी घरची असते. म्हणून पालकांनी रुसून दार लावून घेऊ नये. मुलांना समोर बसवून हा हिशेब मांडून दाखवावा. संस्कार केवळ उपदेशाने होत नाहीत, कधी कधी ते वजाबाकीनेही होतात.