अश्वशक्तीचा हिशेब : ३३० की २५५?

अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या एका वाचकांच्या चिरंजीवांनी १९७२ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट मोटार विकत घ्यावयाचे योजिले आहे. विकणारा सांगतो की, इंजिन अस्सल 'एलटी-१' जातीचे असून शक्ती ३३० अश्वशक्ती आहे. छापील कोष्टकात मात्र त्या सालच्या याच इंजिनापुढे २५५ हा आकडा आहे. मधले ७५ घोडे गेले कोठे आणि विकणारा लबाड तर नाही ना, असे वडिलांनी आम्हांस विचारले आहे. मूळ इंजिन शाबूत असलेल्या अशा गाडीला पुष्कळच अधिक किंमत येते. तेव्हा हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे.

घोडे कोठेही गेलेले नाहीत. बदलली ती मोजण्याची रीत. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिनाची ढोबळ शक्ती जाहीर करीत. इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या चौकटीवर बसवावयाचे, हवेची गाळणी, पंखा, सायलेन्सर ही सारी ओझी उतरवावयाची, ठिणगीची वेळ हवी तशी जुळवावयाची आणि मग जो आकडा येईल तो जाहिरातीत झळकवावयाचा. संसाराचा भार नसलेल्या ब्रह्मचाऱ्याच्या मिळकतीसारखाच हा प्रकार! १९७२ च्या गाड्यांपासून हीच ओझी अंगावर ठेवून मोजलेली निव्वळ शक्ती देण्याची प्रथा पडली. मासिक पगार आणि कापाकापीनंतर हाती पडणारी रक्कम यांतील अंतर ज्या गृहिणीस ठाऊक आहे, तिला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि सारीच घट कागदी होती असेही नव्हे. याच एलटी-१ इंजिनाचा १९७० चा आकडा ३७० होता, तो १९७१ मध्ये ३३० झाला. त्या दोन्ही वर्षी माप ढोबळच होते. कमी शिशाच्या, हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालावे म्हणून कंपनीने सिलिंडरमधील दाबाचे प्रमाण ११ वरून ९ वर आणले. म्हणून ही घट खरी. पुढल्या वर्षीची ३३० वरून २५५ ही उतरण मात्र बहुतांशी मापाची आहे. विकणाऱ्याने आदल्या वर्षीचा ढोबळ आकडा या वर्षीच्या गाडीस चिकटविला, इतकेच. त्याला लबाड म्हणण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. निष्काळजी म्हणता येईल.

अर्थात गाडीतील इंजिन मुळात तेच असेल तर. पन्नास वर्षांत इंजिने बदलली जातात, म्हणून आता इंजिनाची जन्मपत्रिका मांडावी लागते. येथे १९७२ ची गाडी असणे सोयीचे आहे. त्या वर्षापासून जनरल मोटर्सच्या गाडीच्या क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिनाची जात सांगते. कॉर्व्हेटमध्ये 'के' म्हणजे साधे ३५० घनइंची इंजिन, 'एल' म्हणजे एलटी-१ आणि 'डब्ल्यू' म्हणजे ४५४ घनइंची. त्याआधीच्या शेव्हरोलेचा क्रमांक सिलिंडर सहा की आठ एवढेच सांगून गप्प बसे. फोर्ड याबाबतीत अधिक बोलकी होती. १९६५ च्या मस्टँगमध्ये २८९ घनइंची इंजिन एकच, परंतु पाचव्या जागी 'सी' असल्यास २००, 'ए' असल्यास २२५ आणि 'के' असल्यास २७१ अश्वशक्ती!

परंतु गाडीचा क्रमांक सांगतो तो कारखान्यातून निघालेल्या इंजिनाविषयी. आज बॉनेटखाली कोण बसले आहे, ते त्याला काय ठाऊक? त्यासाठी इंजिनाकडेच जावे. ठोकळ्याच्या मागील अंगास ओतीव क्रमांक असतो. त्यावर पुष्कळ जण विसंबतात, आणि फसतात. ३९७००१० हा ओतीव क्रमांक १९७० च्या दशकात निरनिराळ्या शक्तींच्या कितीतरी ३५० घनइंची इंजिनांवर आढळतो. खरी ओळख पुढल्या बाजूस, उजव्या सिलिंडर-हेडसमोरच्या लहानशा सपाट पट्टीवर ठोकलेल्या अक्षरांत असते. तेथे जुळणीचा कारखाना, महिना, दिवस आणि शेवटी इंजिनाची जात दर्शविणारी अक्षरे असतात. शेजारी गाडीच्या क्रमांकाचा शेवटला भागही असतो. तो गाडीशी जुळला पाहिजे. तारखांचाही क्रम लागला पाहिजे: आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, त्यानंतर गाडी. मुलाचा जन्म बापाच्या आधीचा निघाला, तर सौदा तेथेच सोडावा.

ही पट्टी दुरुस्तीत घासली जाते, आणि कोरी पट्टी दिसली की नवी अक्षरे ठोकण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. कारखान्यातील पात्याने पडलेल्या बारीक समांतर रेघा तेथे शाबूत आहेत की नाहीत, हे जाणकाराकडून भिंगाने पाहून घ्यावे. त्याची दक्षिणा वाया जाणार नाही.

इतके करून हाती येतो तो कंपनीचा दावा. इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांकडे असलेल्या ड्यूसेनबर्ग 'एसजे' मोटारीची ३२० अश्वशक्ती पुस्तकोपुस्तकी आढळते; तोही त्या काळचा कंपनीचाच आकडा. उलट १९६७ च्या कॉर्व्हेटमधील 'एल-८८' हे शर्यतीचे इंजिन कंपनीने ४३० चे म्हणून सांगितले, तर जाणकार त्यास ५०० हून अधिक मानतात. आज गाडी रोलरवर चढवून शक्ती मोजता येते. पण ती चाकांपाशी उरलेली, झिजलेल्या वा दुरुस्त केलेल्या इंजिनाची. मूळ आकडा तिच्यातून निघत नाही.

चिरंजीवांनी प्रथम पाचवे अक्षर 'एल' आहे का ते पाहावे, मग पट्टी तपासावी, आणि सर्व जुळल्यास विक्रीपत्रावर '२५५, निव्वळ, १९७२' असे लिहवून घ्यावे.