केसपेपर कुलपात अडकतो तेव्हा

केसपेपरची किंमत आजारी माणसाच्या घरच्यांना विचारावी. कोणती गोळी सोसत नाही, ऑपरेशन कधी झाले, साखर किती होती, सगळे त्यात असते. मोठ्या दवाखान्यांत आता तो संगणकात गेला आहे. सोय झाली, आणि चोरांचीही झाली.

आयर्लंडमध्ये जे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. तिथे सरकारी आरोग्यसेवा साऱ्या देशाची मिळून एकच. १६ मार्च २०२१ रोजी तिथल्या एका संगणकावर ईमेल आला, सोबत एक्सेलची फाइल. दोन दिवसांनी ती उघडली गेली आणि चोर आत शिरले. त्यांनी लगेच काही केले नाही. आठ आठवडे ते आतल्या आत या संगणकावरून त्या संगणकावर जात राहिले. ३१ मार्चला अँटिव्हायरसने धोका ओळखलाही, पण तो फक्त नोंद घेण्यापुरता लावलेला होता, अडवण्यासाठी नाही. राखणदार ओरडला, उठून कुणी पाहिले नाही.

१४ मेच्या पहाटे (आपल्याकडे त्या दिवशी ईद होती, तीही निर्बंधांतली) चोरांनी फाइलींना कुलूप ठोकले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. साध्या भाषेत खंडणी. नुकसान पसरू नये म्हणून देशभरची यंत्रणा बंद करावी लागली. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूती रुग्णालयाने ३६ आठवडे पूर्ण झालेल्या गरोदर बायका वगळून ओपीडीच्या बहुतेक भेटी रद्द केल्या. कर्करोगाच्या रुग्णांचे रेडिएशन खोळंबले. सरकारने खंडणी दिली नाही. २० मेला चोरांनी किल्ली आपणहून दिली, तरी सगळे सर्व्हर उघडायला २१ सप्टेंबर उजाडला.

ती फाइल उघडणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. मला ते पटत नाही. चौकशीत निघाले ते असे, की ३०,००० हून जास्त संगणक जुन्या विंडोज ७ वर चालत होते आणि सायबर सुरक्षेची जिम्मेदारी एका कुणा वरिष्ठ अधिकाऱ्याकडे नव्हतीच. दरवाजा वरच्यांनी उघडा ठेवायचा आणि बोल कारकुनाला लावायचा, हा कुठला इन्साफ?

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला असेच झाले. पाच सर्व्हर बाधित झाले. नोंदणी आणि तपासण्यांचे काम कित्येक दिवस हाताने चालले. नेटवर्कचे नीट विभाग पाडलेले नव्हते, असे पुढे सरकारनेच संसदेत सांगितले. घराला खोल्या असतात, त्यांना दारे असतात, तसेच हे. एक खोली फुटली तर बाकीच्या वाचाव्यात. आणि नोंदींची एक प्रत अशी हवी, जी मुख्य यंत्रणेला जोडलेलीच नसेल.

आपल्या कितीतरी मुली नर्सिंगला, लॅबमध्ये, दवाखान्याच्या काउंटरवर काम करतात. त्यांना घरून एवढे सांगा: अनोळखी फाइल उघडली गेलीच तर घाबरून लपवू नका, त्याच मिनिटाला वरिष्ठांना कळवा. लवकर कळले तर तो एक संगणक बाजूला काढता येतो.

आणि घरातल्या बुजुर्गांची औषधे, डोस, ॲलर्जी, रक्तगट एका वहीत लिहून ठेवा. अक्षर असे असावे, की रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरलाही वाचता यावे.