काळंपांढरं, पण गोरं नव्हे!

'फोटोत दम नाहीये? मग करून टाक ना ब्लॅक अँड व्हाइट!' हा सल्ला तुम्हीही कधी ना कधी दिला असेलच. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली हिरवट पडलेले चेहरे, मागे डोकावणारी लाल खुर्ची, कुणाचा तरी पोपटी टी-शर्ट... एक क्लिक आणि सगळं कसं एकदम क्लासी! लावा प्रोफाइलला. पण बॉस, त्या एका क्लिकमध्ये चेहऱ्याचं नेमकं काय होतं, हे कधी बघितलंय?

आधी थोडा फंडा. डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे : लाल, हिरवा, निळा. ब्लॅक अँड व्हाइट करायचं म्हणजे या तिघांचा मिळून एकच आकडा करायचा. तो कसा करायचा, यातच सगळी गंमत! सगळ्यात आळशी उपाय म्हणजे फोटोशॉपमधलं 'डीसॅच्युरेट'. ते भडक लाल, भडक हिरवा आणि भडक निळा या तिघांनाही एकच राखाडी शेड देऊन मोकळं होतं. त्यापेक्षा बरं जुनं गणित : लाल ३० टक्के, हिरवा ५९ आणि निळा ११. कारण आपला डोळा हिरव्याला जास्त दाद देतो. तरीही लाल साडीचा गडद हिरवा काठ यात गायब होऊ शकतो, कारण दोघांचा राखाडी जवळपास सारखाच येतो.

तिसरा मार्ग म्हणजे ते प्रमाण आपण स्वतः ठरवायचं. २००७ साली आलेल्या फोटोशॉप सीएस ३ मध्ये त्यासाठी 'ब्लॅक अँड व्हाइट' नावाचं खास टूल आलं. त्यात एकेका रंगाचा स्लायडर असतो. लाइटरूममध्येही तीच सोय आहे. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर मिळतात. फुकट!

आता एक प्रयोग करा. कपाळावर लालभडक कुंकू असलेल्या आजीचा किंवा आईचा एखादा फोटो घ्या. त्याचा फक्त लाल चॅनल बघा. चेहरा एकदम उजळ, पिंपल्स गायब, डाग गायब... आणि कुंकूही गायब! ओठसुद्धा फिके. आता निळा चॅनल बघा. प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती ठळक, त्वचा काळवंडलेली. कारण सोपं आहे. आपली त्वचा लाल प्रकाश भरपूर परत पाठवते आणि निळा बराचसा गिळून टाकते. फिल्मच्या जमान्यातही हे होतंच. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल ओठ काळे यायचे. म्हणजे 'ब्लॅक अँड व्हाइट खरं बोलतं' वगैरे सगळं ठीक आहे, पण ते काय बोलणार हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं.

आणि इथेच खरी गोची आहे. लाल-नारिंगी स्लायडर उजवीकडे सरकवला की 'स्किन मस्त दिसते'. मस्त म्हणजे काय, तर गोरी! माझ्या एका मैत्रिणीच्या लग्नाच्या बायोडेटासाठी काढलेला फोटो असाच होऊन आला. स्टुडिओवाल्याने हौसेने ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटही दिली होती. मावश्या खूश, 'किती उजळ आलीये गं!' ती फोटो बघून एवढंच म्हणाली, 'छान आहे. पण भेटायला तर मीच जाणार ना?' सगळ्यांचं हसणं तिथेच थांबलं.

हा रोग जुना आहे. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला जी 'शर्ली कार्ड्स' वापरायचे, त्यावर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे. २०२० मध्ये आपल्याकडच्या सगळ्यात गाजलेल्या क्रीमने नावातलं 'फेअर' काढून टाकलं. पण आपल्या बोटाखालचा स्लायडर अजून तीच जाहिरात करतोय की!

मग करायचं काय? फोटो आधी रंगीतच काढा आणि ओरिजिनल जपून ठेवा. कॅमेऱ्याच्या मोनोक्रोम मोडमध्ये काढलेल्या जेपेगमधले रंग कायमचे जातात, रॉ फाइलमध्ये मात्र शाबूत राहतात. चेहरा खिडकीच्या बाजूला वळवा. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर सावली. सावळा रंग अशा उजेडात जो काही झळकतो ना, त्याला तोड नाही. मग स्लायडर हलवताना डोळ्यातला पांढरा भाग, दात आणि शर्टची कॉलर यांच्याकडे लक्ष ठेवा. त्वचा त्यांच्या जवळपास पांढरी व्हायला लागली की समजा, हात जास्त चाललाय. मागे या. ओठ आणि कुंकू त्वचेपेक्षा गडद दिसलेच पाहिजेत. एखादा पिंपल खटकत असेल तर तेवढाच पुसा, त्यासाठी अख्खा माणूस धुऊन काढू नका!

शेवटची टेस्ट एकदम सोपी. फोटो त्या माणसाच्या आईला दाखवा. ती 'हा कोण?' म्हणाली, तर स्लायडर परत डावीकडे.