रथाचा जीर्णोद्धार

कुंभकोणम् हे देवळांचे नगर. त्याच्या लगतच दारासुरम् येथे ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने ते बांधले आणि २००४ मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. या मंदिराचा एक मंडप रथाच्या आकाराचा असून त्यास दगडी चाके आणि घोडे कोरलेले आहेत. अशा परिसरात ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. मूळ रूप न बिघडवता जुन्यास पुन्हा उभे करणे, हाच तो अर्थ. जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या छंदालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

हा छंद केवळ धनिकांचा, असा सार्वत्रिक समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीची ‘स्पिटफायर’ ही दोन आसनांची मोटार १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. तिची चेसिस त्याच कंपनीच्या ‘हेराल्ड’वरून बेतलेली होती आणि हेराल्ड तर १९६१ पासून मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड’ या नावाने तयार होऊ लागली. अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांची ती पहिली मोटार. तिची चेसिस स्वतंत्र असते, बॉडीचे बहुतेक भाग बोल्टांनी जोडलेले असतात आणि बॉनेट मडगार्डांसह पुढे उलटते. त्यामुळे हौशी माणसालाही ती उघडून पाहता येते. हेराल्डवर हात बसला की स्पिटफायर परकी वाटत नाही.

प्रत्यक्षात मात्र अनेकांची सुरुवात रंगापासून होते आणि तेथेच चूक होते. आधी चेसिसचा गंज, मग ब्रेक व स्टिअरिंग, नंतर इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग, हा खरा क्रम होय. चकाकी हवी म्हणून परके इंजिन बसवणे किंवा बॉडी कापणे हा तर जीर्णोद्धार नव्हेच. कायद्याचीही हीच भूमिका आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. परंतु चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. असे वाहन रोजच्या वापरासाठी नसते; प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ते रस्त्यावर आणता येते.

म्हणूनच या छंदास गुंतवणूक समजू नये. घरात उभी असलेली मोटार व्याज देत नाही, उलट खर्चच मागते. कर्ज काढून सारे काम एकदम उरकण्यापेक्षा दरमहा आवर्ती ठेवीत ठरावीक रक्कम टाकावी आणि ती साठेल तसतसा एकेक भाग दुरुस्त करावा. काम लांबेल, पण घराची घडी विस्कटणार नाही.

खरा प्रश्न पैशाचा नसून हातांचा आहे. दोन कार्बोरेटरांचा मेळ केवळ आवाजावरून जुळवणारे, पत्रा ठोकून मूळ वळण देणारे कारागीर वृद्ध होत चालले आहेत. कुंभकोणम् जवळच्या स्वामीमलै येथे मेणाच्या साच्यातून पंचधातूच्या मूर्ती घडवण्याची विद्या आजही जिवंत आहे, कारण ती पित्याकडून पुत्राकडे येत राहिली आणि मूर्ती करवून घेणारे लोकही राहिले. मोटार दुरुस्तीच्या जुन्या विद्येलाही असे शिष्य आणि असे आश्रयदाते हवेत. भंगारात निघालेली एक मोटार वाचवताना एखाद्या तरुणाने ती विद्या वृद्ध मिस्त्रीच्या हाताखाली आत्मसात केली, तर त्या छंदावर झालेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.